राखण शेताची, राखण गावाची

(भोर व वेल्हे भागातील शेतकऱ्यांसाठी रेडिओवरील भाषण)



एरवी मी आपल्याशी बोलतो ते भाताच्या करप्याबद्दल, खोडकिड्याबद्दल, नाहीतर चारसूत्री लागवडीबद्दल. आज विषय निराळा आहे. आज बोलायचं आहे चोरीबद्दल आणि गावाच्या राखणीबद्दल. तुम्ही म्हणाल, हा माणूस शेती खात्याचा, पोलिसांच्या कामात कशाला शिरतो? त्याचं कारण आधी सांगतो.

वेल्ह्याकडच्या एका गावात मी उन्हाळी भुईमूग पाहायला गेलो होतो. बियाणं चांगलं, बीजप्रक्रिया केलेली, खताची मात्रा बरोबर. पीक फुलोऱ्यावर होतं. नेमकी त्याच आठवड्यात नदीवरची पाच अश्वशक्तीची मोटार केबलसकट रात्रीतून गेली. नव्या मोटारीसाठी पैशाची जुळणी व्हायला पंधरा दिवस लागले. आता आऱ्या सुटायच्या वेळी जमीन कोरडी राहिली की काय होतं, हे तुम्हाला सांगायला नको. आऱ्या जमिनीत शिरल्याच नाहीत. वरून वेल हिरवा दिसायचा, उपटून पाहिला तर खाली मूठभर शेंगा.

मी त्या शेतकऱ्याला विचारलं, "दादा, तक्रार दिलीत का?" ते म्हणाले, "साहेब, काय सांगू ठाण्यात जाऊन? मोटारीचा नंबर माहीत नाही, बिल सापडत नाही. ही मोटार माझीच, असं कशावरून सांगू?"

त्या दिवशी मला माझीच चूक कळली. कुठलं वाण घ्यावं, पाणी कधी द्यावं, हे सगळं मी त्यांना सांगितलं होतं. पाणी देणारी मोटार कशी जपावी, हे मात्र मी कधी बोललो नव्हतो. म्हणून आजचं भाषण.

चोर कधी येतो?

किडीचा जसा हंगाम असतो, तसा चोरीचाही असतो. आपल्या भोर-वेल्ह्याच्या मावळी भागात वर्षातले चार वेळ जपायचे आहेत.

पहिला वेळ लावणीचा. आषाढात सगळं घर खाचरात असतं. घरी राहते एखादी म्हातारी, नाहीतर नुसतं कुलूप. ही चोरी भरदुपारी होते. दागिने उजळून देतो म्हणून कुणी येतो, कुणी साध्या वेषातला पोलीस आहे म्हणून सांगतो आणि म्हणतो, "आजी, पुढच्या आळीत चोरी झाली, गळ्यातलं काढून रुमालात बांधून ठेवा." रुमाल आजींच्या हातात राहतो, डोरलं जातं. खरा पोलीस कुणाला अंगावरचे दागिने काढायला सांगत नाही, ही एक गोष्ट घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला आजच सांगून ठेवावी.

दुसरा वेळ काढणीचा. दिवाळीच्या आगेमागे इंद्रायणी, आंबेमोहोर कापून झोडपला जातो आणि पोती खळ्यावर राहतात. वर्षाची कमाई ताडपत्रीखाली आणि राखणीला कुणी नाही, असं एक रात्रसुद्धा ठेवू नये.

तिसरा वेळ माघापासून वैशाखापर्यंतचा. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी या नद्यांच्या काठी आणि धरणांच्या पाण्यावर मोटारी बसलेल्या असतात. मोटार गावापासून लांब, नदीकाठी रात्री चिटपाखरू नसतं. केबल तांब्याची. चोराला याहून सोपं काय पाहिजे?

चौथा वेळ बंद घरांचा, आणि तो बारमाही आहे. आपली निम्मी तरणी माणसं पुण्या-मुंबईला. घर उघडतं ते गणपतीला, जत्रेला आणि शिमग्याला. एरवी दाराला कुलूप आणि अंगणात वाढलेलं गवत. हे गवतच चोराला सांगतं की घरात कुणी नाही.

आधी खूण, मग कुलूप

रोग पडल्यावर फवारणी करण्यापेक्षा बियाण्याला औषध चोळणं स्वस्त पडतं. चोरीचंही तसंच आहे. पुढची कामं एका दिवसाची आहेत.

१. मोटारीवर पत्र्याची जी पट्टी असते, तिच्यावर कंपनीचा नंबर असतो. तो वहीत उतरून घ्यावा. चोर ही पट्टी पहिल्यांदा उपटून टाकतो. म्हणून मोटारीच्या ओतीव अंगावर दोन ठिकाणी आपली खूण छिन्नीने ठोकून घ्यावी. नावाची अक्षरं आणि गट नंबर, एवढं पुरे. एक खूण सहज दिसेल अशी, दुसरी आतल्या बाजूला.

२. मोटार, स्टार्टर, फवारणी पंप, कडबाकुट्टी, पॉवर टिलर, या सगळ्यांचे फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवावेत. फोटोत ठोकलेली खूण दिसली पाहिजे. बिलाचाही फोटो काढावा आणि तो पुण्या-मुंबईतल्या मुलाकडे पाठवून ठेवावा. घरचा मोबाईल गेला तरी नोंद राहते.

३. नदीवरची मोटार साखळीने पक्क्या खांबाला बांधावी. पाणी देण्याचा हंगाम संपला की मोटार आणि केबल दोन्ही घरी आणावी. "पुढच्या आठवड्यात आणू" म्हणून राहिलेली मोटारच चोराला सापडते.

४. गाई, म्हशी, बैल यांच्या कानात बारा अंकी बिल्ला मारून घ्यावा. तो आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मिळतो. जनावराच्या खरेदी-विक्रीसाठी हा बिल्ला राज्यात २०२४ सालापासून सक्तीचा केला आहे. बिल्ल्याचा नंबरही वहीत पाहिजे. गोठा घरापासून लांब असेल तर एक कुत्रं आणि एक दिवा, एवढी तरी सोय ठेवावी.

५. बंद घराची किल्ली आणि फोन नंबर शेजाऱ्याकडे द्यावा. आठवड्यातून एकदा अंगण झाडावं, संध्याकाळी एखादा दिवा लावावा. त्या बदल्यात शेजाऱ्याला परसातला फणस-आंबा घेऊ द्यावा. हा जुना व्यवहार आहे, तो मोडू नये.

६. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारी जुनी मोटार किंवा केबल घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हाही गुन्हा आहे. आणि खरं बोलायचं तर, घेणारा नसता तर चोरणारा नदीवर उतरलाच नसता. आज तुम्ही निम्म्या किमतीत कुणाची तरी मोटार घेतलीत, तर उद्या तुमची मोटार दुसरा कुणी निम्म्या किमतीत घेणार.

आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. रात्री आजूबाजूच्या वाड्यांत लाईट आहे आणि आपल्याच डीपीवरची गेली, तर ती नुसती बिघडली असं समजू नये. डीपीतलं तांबं आणि तेल चोरीला जातं. अशा वेळी वायरमनला आणि पोलिसांना दोघांनाही कळवावं. स्वतः डीपीला हात लावू नये, तिथे जीव जातो. दुसरी खूण वासाची. ओढ्याच्या अंगाने रात्री जळक्या प्लास्टिकचा वास आला, तर कुणीतरी केबल जाळून तांबं काढत असण्याचा संभव असतो. एकट्याने तिकडे न जाता चौघांना उठवावं.

मोबाईलवरची चोरीही आता गावात पोचली आहे. शेतकरी योजनेचे पैसे आले म्हणून एखादी फाईल किंवा लिंक येते, ती उघडू नये. ओटीपी कुणाला सांगू नये. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० या क्रमांकावर फोन करावा. जितका लवकर फोन, तितका पैसा थांबण्याचा संभव जास्त.

एकट्याचं घर, सगळ्यांची राखण

कुलूप एकट्याने लावता येतं, राखण एकट्याने होत नाही. आपल्या मुलखात ही गोष्ट नवी नाही. पूर्वी गावाला जागल्या असे. रात्रीची राखण त्याच्याकडे. चोरी झाली तर चोराचा माग काढत तो गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवायचा आणि तिथून पुढे दुसऱ्या गावाने तो माग पुढे न्यायचा. माग आपल्याच शिवेत विरला तर भरपाईची जबाबदारी गावच्या राखणदारांवर येई. म्हणजे चोरी एका घरी झाली तरी ती सगळ्या गावाची बाब मानली जायची.

वंशपरंपरेची पाटीलकी पुढे कायद्याने गेली. १९६७ सालच्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने आजचे पोलीस पाटील आले. गावात काय घडलं, कोण नवं आलं, कुठे भांडण पेटतंय, ही खबर ठाण्याला देणं आणि पोलिसांना मदत करणं हे त्यांचं काम. त्यांचा फोन नंबर घरातल्या लहानथोर सगळ्यांना पाठ पाहिजे.

पोलीस पाटलांच्या जोडीला गावात ग्रामसुरक्षा दल असावं. ते आपण होऊन काठ्या घेऊन काढायचं नसतं. पोलीस ठाण्याला सांगून, चांगल्या वर्तणुकीच्या तरुणांची यादी देऊन ते उभं करायचं असतं. ज्या गावात दल आहे पण दोन वर्षांत एकदाही गस्त झाली नाही, तिथे दल नुसतं कागदावर आहे असं समजावं.

तिसरी सोय ग्रामसुरक्षा यंत्रणेची. पुणे जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत ती चालू झालेली आहे. गावकऱ्यांचे मोबाईल नंबर तिच्यात नोंदलेले असतात. संकटाच्या वेळी नोंदणी केलेल्या माणसाने १८०० २७० ३६०० या विनामूल्य क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात निरोप सांगायचा. तोच निरोप परिसरातल्या सगळ्या नोंदलेल्या मोबाईलवर एकदम फोन होऊन जातो. निरोप थोडक्यात सांगावा. मी कोण, कुठल्या गावातून बोलतो, काय झालं आणि नेमकं कुठे. घाबरून नुसतं "चोर आले, चोर आले" म्हटलं, तर ऐकणाऱ्याने कुठे धावायचं? आपलं गाव या यंत्रणेत आहे का आणि आपला नंबर नोंदलेला आहे का, हे पोलीस पाटलांकडे विचारून घ्यावं. आग, बुडालेला माणूस, हरवलेलं मूल, यांसाठीही ही सोय उपयोगी पडते.

मात्र एक अडचण आहे. आपल्या डोंगराळ भागात पुष्कळ वाड्यांना मोबाईलची रेंज नाही. तिथे देवळाची घंटा किंवा शाळेची घंटा हीच यंत्रणा. किती ठोके म्हणजे काय, हे ग्रामसभेत एकदा ठरवून घ्यावं. आरतीची घंटा निराळी आणि संकटाची निराळी, हे लेकराबाळांनाही कळलं पाहिजे. रेंज कुठल्या टेकाडावर, कुणाच्या अंगणात मिळते, ती जागाही सगळ्यांना ठाऊक असू द्या.

पोलिसांना बोलवायचं तर ११२ हा क्रमांक. इथे एक घोटाळा टाळावा. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पण राजगड पोलीस ठाणं आहे नसरापूरला, म्हणजे भोर तालुक्यात. नावावरून चुकीच्या ठाण्याकडे धावाधाव होऊ शकते. आपलं गाव कुठल्या ठाण्याच्या हद्दीत येतं, हे आजच विचारून घ्या आणि तो नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

गस्त म्हणजे मारहाण नव्हे

बंधूंनो, आता जे सांगणार आहे ते या भाषणातलं सगळ्यात महत्त्वाचं. नीट ऐका.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी पाच माणसं आली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. जमावाने त्या पाचही जणांना मारून टाकलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावी तसंच झालं. टाळेबंदीचे दिवस, चोरांची अफवा, गावं रात्री जागत होती. वाटेने जाणारी गाडी अडवली आणि दोन साधू व त्यांचा गाडीवान, तिघांचा जीव गेला. शंभरावर लोकांना अटक झाली. ती माणसं तुमच्या-आमच्यासारखीच शेतकरी, मजूर होती. राखण करायला घराबाहेर पडली आणि खुनाच्या गुन्ह्यात अडकली.

आपल्या पुणे जिल्ह्यातही २०२४ च्या पावसाळ्यात रात्री ड्रोन फिरतात, मागून चोर येतात, अशी बोलवा ग्रामीण भागात उठली होती. गावं रात्र रात्र जागली. जागणं चांगलंच. पण घाबरलेल्या जमावाच्या हातात काठी असली, म्हणजे पुढे येणारा प्रत्येक अनोळखी माणूस चोर दिसू लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. एका गावची बैठक आटोपून मी रात्री उशिरा परत निघालो होतो. वाटेत मोटारसायकल पंक्चर झाली. अंधारात गाडी ढकलत पुढच्या वाडीपाशी आलो, तो चार-पाच बॅटऱ्या तोंडावर पडल्या. हातात दांडकी. दोघांनी गाडीची किल्ली काढून घेतली, एकाने कॉलर धरली. माझ्या तोंडून शब्द फुटेना. तेवढ्यात मागून एक म्हातारबाबा आले आणि दरडावून म्हणाले, "अरे, आधी नाव-गाव विचारा, हात मागनं." त्यांनी पोलीस पाटलांना फोन लावला. पाटलांनी माझा आवाज ओळखला. मग चहा झाला, पंक्चर निघालं, पोरं ओशाळली. मी त्या पोरांना दोष देत नाही. आठ दिवसांमागेच त्यांच्या वाडीतून शेळ्या गेल्या होत्या. पण म्हातारबाबा त्या रात्री झोपायला गेले असते तर, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

म्हणून गस्तीचे नियम सांगतो.

१. गस्तीची पाळी लिहून ठेवावी. एका पाळीत निदान चार जण, त्यात एक जाणता, वयस्क माणूस असलाच पाहिजे. त्याच्या शब्दाबाहेर कुणी जायचं नाही.

२. दारू प्यायलेल्या माणसाला त्या रात्री गस्तीत घेऊ नये, मग तो कितीही धीट असो.

३. शिट्टी, बॅटरी आणि चार्ज केलेला मोबाईल, ही गस्तीची हत्यारं. कोयते-कुऱ्हाडी घरी ठेवाव्यात.

४. अनोळखी माणूस दिसला तर अंतर राखून थांबवावं. नाव, गाव, कुणाकडे आलात, हे विचारावं. गाडीचा नंबर टिपावा. पटलं नाही तर पोलीस पाटील आणि ११२.

५. डोळ्यांदेखत चोरी करताना कुणी सापडला, तर गंभीर गुन्ह्यात सामान्य माणसालाही त्याला धरून ठेवण्याचा अधिकार कायदा देतो. पण उशीर न करता, फार तर सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली केलंच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे स्पष्ट आहे. बांधून मारण्याचा अधिकार कुणालाही नाही.

६. पाल ठोकून राहणारे, भिक्षा मागणारे, जडीबुटी विकणारे लोक चोरच, असं मनात धरू नये. इंग्रजांनी १८७१ सालचा कायदा करून पुढे कितीतरी जमातींना जन्मापासून गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आपल्या मनातून तो अजून पुरता गेलेला नाही. गावात पाल पडलं तर पोलीस पाटलांनी जाऊन नावं विचारून नोंद करावी, पाण्याची सोय सांगावी. ओळख झाली की भीती जाते, दोन्हीकडची.

७. मोबाईलवर आलेला निरोप पोलीस पाटलांना विचारल्याशिवाय पुढे पाठवू नये.

लावणीच्या दिवसांत दिवसाची राखणही लागते. त्यासाठी बचत गटाच्या बायकांनी पाळी लावावी. आळीत रोज एक बाई घरी राहील, म्हाताऱ्या माणसांकडे आणि बंद दारांकडे पाहील. तिच्या खाचरातलं तेवढं काम बाकीच्यांनी उरकून द्यावं. आपला इर्जिक नाही का, तसंच.

चोरी झालीच तर

कुलूप तुटलेलं, पावलं उमटलेली, वस्तू पडलेल्या, हे सगळं पोलीस येईपर्यंत तसंच राहू द्यावं. गर्दी करून माग पुसून टाकू नये. तक्रार त्याच दिवशी द्यावी. मोटारीचा नंबर, खूण, फोटो, बिल बरोबर न्यावं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते, ती पुढे योग्य ठाण्याकडे जाते. गुन्हा नोंदला की खबरीची प्रत विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी, विम्याला आणि पुढे माल सापडला तर ओळख पटवायला ती लागते.

चोरी लहान असली तरी नोंद करावी. दहा गावांतल्या दहा लहान चोऱ्या कागदावर आल्या, तरच ती एकच टोळी आहे हे पोलिसांना दिसतं. तुम्ही गप्प बसलात तर ती टोळी पुढच्या गावात नव्याने सुरू होते.

शेवटी एवढंच. या आठवड्यात तीन गोष्टी करा. मोटारीवर खूण ठोका आणि नंबर वहीत लिहा. आपला मोबाईल ग्रामसुरक्षा यंत्रणेत नोंदलाय का ते पाहा. आणि ग्रामसभेत गस्तीचे नियम वाचून दाखवा, तरुण पोरांना पुढे बसवून.

लक्षात ठेवा

जागावं सगळ्यांनी, आधी विचारावं, मग कळवावं. हात उचलू नये.
पोलीस मदत : ११२
ग्रामसुरक्षा यंत्रणा : १८०० २७० ३६००
मोबाईलवरील फसवणूक : १९३०
पोलीस पाटील व आपले ठाणे : क्रमांक विचारून इथे लिहून ठेवा ..............................

हा कागद चुलीत घालू नका, दाराच्या मागे चिकटवा. पुढच्या भाषणात पुन्हा आपल्या नेहमीच्या विषयाकडे, भाताच्या रोपवाटिकेकडे वळू. रामराम.

— कृषी विस्तार अधिकारी